अंगठ्याला कळलं पाहिजे

2005 साली पुण्यात गेम प्रोग्रॅमर म्हणून लागलो, तेव्हा अख्खा गेम 64 केबीत बसवावा लागे. नोकियाच्या त्या काळच्या कित्येक साध्या फोनवर त्याहून मोठी जावा फाइल चालतच नसे. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोही बहुतेकदा याहून जड असतो. जागा वाचवायला सगळी छोटी चित्रं एकाच पीएनजीत शेजारी शेजारी चिकटवायची, म्हणजे प्रत्येक फाइलमागे थोडे बाइट वाचत. कोडमधली लांबलचक नावं शेवटी ऑब्फस्केटर एका अक्षरावर आणून ठेवी.

निम्मं काम पोर्टिंगचं, म्हणजे तोच गेम वेगवेगळ्या फोनवर बसवण्याचं. क्रिकेटचा एकच गेम. पण कुठे 128 बाय 128चा स्क्रीन, कुठे 176 बाय 208चा. नोकियाच्या डाव्या सॉफ्ट-कीचा कोड उणे 6, मोटोरोलाचा उणे 21. टेबलावर फोनचा ढीग आणि चार्जरचा गुंता. दिवाळीच्या आधी गेम बाजारात यायचा असला की रात्रीही तिथेच जात. एवढं करून कमाईतला मोठा हिस्सा मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे राही.

आमचा लीड माझ्याहून थोडाच मोठा. मी फ्रेमरेटचे आकडे सांगायला लागलो की म्हणायचा, "आकडे राहू देत रे, फोन दे इकडे." दोन ओव्हर खेळायचा आणि फोन परत करायचा. "बॅट उशिरा येतेय." एकदा त्यानं मला स्टेडियममधले हात हलवणारे प्रेक्षकच काढायला लावले. चित्र ओकंबोकं झालं, पण बटण दाबताक्षणी बॅट फिरू लागली. खेळणाऱ्यांपैकी कुणीही प्रेक्षक कुठे गेले म्हणून विचारलं नाही.

2008मध्ये अ‍ॅप स्टोअर आलं, पाठोपाठ अँड्रॉइड, आणि जावा गेमचा धंदा काही वर्षांत बसला. मी युनिटी हे गेम इंजिन आणि सी शार्प ही भाषा शिकलो. आता जागा भरपूर, चणचण वेळेची. सेकंदाला 60 फ्रेम हव्यात, तर एका फ्रेमला जेमतेम 16.67 मिलिसेकंद. तेवढ्यात बोटाचा स्पर्श वाचायचा, टक्कर तपासायची, शत्रू हलवायचे, चित्र काढायचं. मधेच, टाकून दिलेल्या गोष्टींची मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर जागा झाला की गेम अडखळतो. म्हणून झाडलेली गोळी फेकून द्यायची नाही. बाजूला ठेवायची आणि पुढच्या वेळी तीच वापरायची.

काही वेळा गणितही मोडावं लागतं. कड्यावरून पाय सुटला तरी पुढच्या काही फ्रेम आम्ही उडी मारू देतो. कार्टूनमधल्या, हवेत क्षणभर टिकणाऱ्या कोयोटीवरून याला 'कोयोटी टाइम' म्हणतात. हिशेबानं खेळाडू पडलेला असतो, पण बटण आपण वेळेत दाबलं याची त्याला खात्री असते. अशा वेळी प्रोग्रॅमरनं खेळाडूचं ऐकावं.

2020 साली पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' निन्टेंडो स्विच या कन्सोलवर आला. तेव्हापासून मुलाखतीला येणारी मुलं कन्सोलबद्दल, शेडरबद्दल उत्साहानं बोलतात. मी त्यांच्या हातात एक छोटा गेम देतो; त्यातली उडी मुद्दाम जरा उशिरा ठेवलेली असते. काही जण लगेच कोड दाखवा म्हणतात. एखादी मुलगी पुन्हा पुन्हा खेळते, कपाळाला आठी घालते आणि म्हणते, "हे मागे पडतंय." तिच्याशी मी पगाराचं बोलायला लागतो.