आधी आवाज, मग पडदा

वाशिम, रिसोड, कारंज्याकडच्या साध्या घरात 'होम थिएटर' घ्यायचं ठरलं की पहिली चर्चा पडद्याच्या इंचांची होते, दुसरी वॅटची. बजेट बेताचं असेल तर हा क्रम उलटा करावा, असं माझं ठाम मत आहे. पैसा आधी दोन बऱ्या स्पीकरांवर घालावा, उरेल त्यात टीव्ही बसवावा. कारण आपली घरं आणि आपला उन्हाळा. मार्च-एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत खिडकीतला कुलर घरघरतो, छताला पंखा, वर टिनं नाहीतर स्लॅब, खाली नागडी फरशी. सडपातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. संवाद फरशी-भिंतीवर आपटत येतो आणि कुलरमध्ये बुडतो. आवाज वाढवला तर तेवढासा स्पीकर फाटतो. चित्राची गोष्ट तशी नाही. आठ फुटांवरून ४३ इंची फुल एचडी पडद्याचे ठिपके साध्या नजरेला सुटे दिसत नाहीत. त्या अंतरावर फोर-केचे जादा ठिपके कोणाला दिसणार? डीडी फ्री डिशवर तर बहुतेक चॅनेल साध्या एसडीचेच.

वॅटचं प्रकरण याहून फसवं. खोक्यावर ठळक छापलेला पीएमपीओचा आकडा कसा मोजायचा याला सर्वमान्य नियमच नाही. तो वाचून सोडून द्यावा. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सलग मिळणाऱ्या वॅटचा आकडा, आणि त्याच्याही आधी स्पीकर किती वॅटवर किती बोलतो ते. ९० डेसिबलचा स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, ९० डेसिबल आवाज देतो. घरातल्या बैठकीला एवढं पुष्कळ झालं. वॅट दुप्पट केले तरी वाढ ३ डेसिबलची, कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणून २५-३० वॅटचा जुना पण धडधाकट स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर इथे सहज पुरतो. टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल तर मध्ये छोटा डॅक (डिजिटल आवाज अ‍ॅनालॉगमध्ये बदलणारी डबी) जोडायचा आणि सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम'वर ठेवायचा. ते राहिलं तर बऱ्याचदा सगळं जोडूनही आवाजच येत नाही. स्पीकर कानाच्या उंचीवर, कोपऱ्यापासून दूर. फरशीवर सतरंजी अंथरली, समोरच्या भिंतीला जाडजूड पडदा सोडला, की शब्द सुटे ऐकू येऊ लागतात. यातलं निम्मं सामान घरातच असतं.

यावर कोणी म्हणेल, सिनेमा ५.१ मध्ये येतो, मग दोन स्पीकर का? पण सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असताना मागचे स्पीकर ठेवणार कुठे? शिवाय त्याच पैशात सहा स्पीकर म्हणजे सहाही हलके, आणि सबवूफरनं टिनं खडखडतात ते वेगळंच. टीव्ही पाच वाहिन्यांचा आवाज दोनांत मिसळून देतो, संवाद शाबूत राहतो. साउंडबारचा आक्षेप मात्र वजनदार आहे. भाड्याच्या खोलीत, तारांचा पसारा नको असेल तर तोच घ्यावा. फक्त बोर्ड गेला की तो बहुधा भंगारात जातो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा कपॅसिटर तालुक्याच्या गावातला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकही बदलून देतो. अशा अ‍ॅम्प्लिफायरला व्होल्टेजच्या चढउताराचं वावडं असतं हे खरं, तेव्हा स्टॅबिलायझर आणि नीट अर्थिंग खर्चात आधीच धरावं. विजा कडाडू लागल्या की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढावी. टिनांवर पाऊस कोसळू लागला तर कुठलीच सिस्टिम चालत नाही, तेवढा वेळ सबटायटल वाचावेत.