मोगलाईची घोंगडी

आमच्या दुकानात घोंगड्यांच्या दोन थप्प्या असतात. डावीकडची कडक, हाताला करकरणारी. उजवीकडची मऊ, टाकाल तशी पडणारी. लोकर तीच, खड्ड्यातला माग तोच, विणणारे हातही तेच. गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, "पाहुणं, गाव कुठलं?" पाटोदा, भूम, परांडा असं काही कानावर आलं की माझा हात आपोआप उजवीकडे जातो. कर्जत-श्रीगोंद्याचा माणूस मात्र डावीकडची बोटांनी चाचपून, हुंगून घेतो. ही वाटणी माझ्या आज्याने केली. कला म्हणून नव्हे, करोडगिरी चुकवायला म्हणून.

जामखेड तालुक्याच्या एका अंगाला बीड, दुसऱ्या अंगाला धाराशिव. 1948 पर्यंत ही दोन्ही निजामाची. आमच्याकडची जुनी माणसं त्या मुलखाला अजून मोगलाईच म्हणतात. इकडे इंग्रजांचा कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का. सहा कलदारांना सात हाली. सरहद्दीवर निजामाचं जकात खातं, म्हणजे करोडगिरी, आणि शेकडा पाचाचा दर. तो दर 1802 च्या तहापासून चालत आलेला. खर्डा आमच्याच तालुक्यात. तिथे 1795 साली मराठे आणि निजाम लढले, त्याचं शाळेत फार कौतुक. पण आमच्या घरात सरहद्द म्हणजे लढाई नव्हती. सरहद्द म्हणजे नाक्यावरचा शिपाई आणि त्याने गाठोड्यात खुपसलेला हात.

आज्याचं गिऱ्हाईक निम्मं पलीकडचं. त्याला दोन्ही हिशेब तोंडपाठ होते. वीस हाली म्हणजे कलदार किती, हे तो धोटा न थांबवता सांगायचा. लोकरीवरची जकात चुकवायची त्याची युक्ती साधी होती. पलीकडचे धनगर मेंढरं घेऊन इकडे उतरले की कातरणी इकडेच करून घ्यायची. "कातरलेल्या लोकरीला जकात, मेंढीच्या अंगावरच्या लोकरीला कोण लावतंय?" असं तो म्हणे.

विणलेल्या मालालाही त्याने हाच न्याय लावला. अंगावरच्या कपड्याला जकात नाही. मग भर वैशाखात, अंगावर दोन आणि डोक्यावर खोळ करून एक, अशा तीन घोंगड्या घेऊन तो नाका ओलांडायचा. सोबत आजी, तिच्या अंगावर एक. चुलत्याच्या अंगावर एक.

पण कोरी घोंगडी लपत नाही. तिला खळीचा वास असतो. चिंचोके भाजायचे, टरफल काढून भरडायचे, भिजवून शिजवायचे, आणि ती चिकट लापशी कुंच्याने ताण्यावर चढवायची. हाताने कातलेलं लोकरीचं सूत केसाळ असतं. खळ नसेल तर ताण्याचे धागे एकमेकांना धरतात, तुटतात, आणि विणणारा दिवसभर गाठी मारत बसतो. म्हणून कोरी घोंगडी कडक. आमच्या बाजूला हा कडकपणा म्हणजे अस्सलपणाची खूण. करोडगिरीच्या शिपायालाही ती खूण ठाऊक होती. माणूस त्याच्या कामाला चोख. त्याने आज्याच्या खांद्यावरची घोंगडी चुरगाळली, वास घेतला आणि तिन्हींचे पैसे वसूल केले.

त्या हंगामापासून आजा मोगलाईचा माल विणून झाल्यावर विंचरणा नदीच्या पाण्यात तुडवायला लागला. खळ निघून जाई, वीण जराशी आटून दाट होई. मग दोन रात्री घरातल्या पोरांनी ती पांघरायची. माझे वडील त्या पोरांतलेच. नाक्यावर पोहोचेपर्यंत घोंगडी वापरलेली, माणसाळलेली. काही वर्षांत पलीकडच्या गिऱ्हाइकाला वाटायला लागलं की चांगली घोंगडी अशीच असते. कडक माल दाखवला तर ते नाक मुरडत.

15 ऑगस्ट 1947 नंतर निजाम भारतात आला नाही, आणि तेरा महिने हीच सरहद्द दोन देशांमधली झाली. रझाकारांच्या बातम्या यायच्या, पलीकडची बिऱ्हाडं गाडीत भांडी घालून इकडे यायची. आजा त्या काळात एकदाही पलीकडे गेला नाही. पण माग थांबवला नाही, आणि विणलेलं सगळं धुतलं. वडील सांगत, की घरात इतकी मऊ घोंगडी साठली की पाहुण्याला बसायला जागा नव्हती. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद शरण आलं. पलीकडचा बाजार पुन्हा भरला तेव्हा तो माल अंगावर नव्हे, गाडीत रचून गेला.

मुलगा म्हणतो, दोन तऱ्हा कशाला? सगळ्याच धुऊन टाकू, मोबाईलवरून मागवणाऱ्या शहरी लोकांना मऊच लागते. त्याचं खरं आहे. तरी मला कडकच जास्त आवडते. ती पांघरणाऱ्याच्या अंगाने हळूहळू मऊ होते. आमची मऊ घोंगडी पूर्वी दुसऱ्याच्या झोपेने मऊ व्हायची. हे गिऱ्हाइकाला सांगत नाही. आता पोरं पांघरत नाहीत, नुसती धुतो. तरी एक दिवस जातो, पाणी लागतं, उन्हात चारदा पालथी करावी लागते. त्याचे पन्नास रुपये जास्त घेतो.

परवा पाटोद्याचे एक आजोबा त्या पन्नासावर अडले.

"हे कशाचं वो?"

"धुणावळीचं."

"आमी सांगितलं व्हतं का धुवायला?"

मी डावीकडची काढून पुढे केली. त्यांनी ती चुरगाळली, वास घेतला, परत केली. पैसे मोजून दिले. पिशवी देत होतो तर नको म्हणाले. घोंगडी तशीच खांद्यावर टाकली आणि सौताड्यावरून जाणाऱ्या एसटीत बसले.