अर्धं विमान

गेले सहा विकांत मी एक विमान बांधतोय. नाही, नोकरी सोडलेली नाही :) घरून काम असल्यामुळे मुक्काम नांदेडलाच आहे, आणि शनिवार-रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून माझा कारखाना सुरू होतो. आईच्या मते हा पोरखेळ. असो.

विमान म्हणजे डाकोटा. प्रमाण 1:72, म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. मूळ विमान साडेएकोणीस मीटरच्या आसपास, माझं 27 सेंटिमीटर. बाहेरून रंगवायला सोपं, खरी कसोटी पोटात. दोन्ही भिंतींना लागून घडीची लांबट बाकं, कडेला उभ्या बरगड्या, आणि छताला नाकापासून शेपटीकडे गेलेली एक तार. आतला रंग पिवळसर हिरवा, झिंक क्रोमेटचा. अ‍ॅल्युमिनियम गंजू नये म्हणून ते प्रायमर मारत. पिवळा, हिरवा आणि थेंबभर काळा मिसळून मी तो केला, तिसऱ्या प्रयत्नात जमला. मग अगदी पातळ काळपट रंग बरगड्यांच्या कोपऱ्यांत सोडला आणि सुक्या ब्रशने कडांवर चंदेरी फिरवलं. जमीन बुटांनी झिजल्यासारखी दिसायला लागली. पट्टे गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीचे. तार जुन्या हेडफोनमधली.

गंमत अशी की दोन्ही अर्धे भाग चिकटवले की यातलं काहीच दिसत नाही. आमच्या कोडसारखंच. चाललं तर कुणी उघडून बघत नाही.

पण मी हे करत होतो लातूरच्या आबांसाठी. आबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. ते 2 पॅरामध्ये होते, मूळची मराठा लाइट इन्फंट्रीचीच पलटण ती. 11 डिसेंबर 1971ला, दिवस कलताना, ही पलटण बांगलादेशात टांगाईलजवळ उतरली. डाकोटा, पॅकेट, एएन-12 आणि कॅरिबू अशी विमानं होती. लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घ्यायचा आणि मयमनसिंग, जमालपूरकडून ढाक्याला माघारी चाललेल्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवायची, असं काम. पाचच दिवसांनी, 16 तारखेला, ढाक्यात शरणागती झाली. हे सगळं मी वाचून सांगतोय. आबांनी आम्हाला कधी काही सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "उडी मारली, खाली आलो."

मागच्या रविवारी बुटाच्या खोक्यात कापूस घालून उघडं विमान घेतलं आणि लोहा-अहमदपूरमार्गे लातूरची एसटी पकडली. साडेतीन तास खोकं मांडीवर!

आबांना हल्ली ऐकू कमी येतं, पण नजर शाबूत आहे. खोकं उघडलं, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत बसले. मला वाटलं, आता शाबासकी.

"हे समदे बसविलास कशाला?"

"आबा, बाकं आहेत ना?"

"बसल्यालं काय ध्यानात ऱ्हातंय? उभं कर. लाल दिवा लागला की समदे उभे. हूक तारंला. म्होरच्याची पाठ तपासायची. मग हिरवा."

छताची तार त्यासाठीच होती. तिला पट्टा अडकवून उडी मारली की पट्टाच पॅराशूट ओढून उघडतो. मी ती तार नकाशात होती म्हणून लावली होती. त्या तारेला माणसं अडकवायची असतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी विचारलं, "भीती वाटली?"

आबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग बोटाने तार दाखवत म्हणाले, "हूक लावताना हात कापायलता. उडीचं भ्या नव्हतं रं. पाय दारातच अडला आन् मागच्यानं ढकलावं लागलं तर? गावात काय सांगावं?" थोड्या वेळाने म्हणाले, "न्हाई ढकलावं लागलं."

54 वर्षं हे वाक्य त्यांच्या पोटात होतं, आणि आम्ही घरचे सगळे बाहेरूनच रंग देत होतो. शूर, छातीवर पदकं, वगैरे.

नांदेडला परत येऊन एकेक सैनिक खरवडून काढला. दोन बाकं मोडली. पुन्हा केली. आता बाराजण रांगेत उभे आहेत, प्रत्येकाच्या हातापासून तारेपर्यंत केसाएवढा तुकडा. दाराजवळ दोन ठिपके, लाल आणि हिरवा.

डाकोटाचं दार मागे डाव्या अंगाला असतं. म्हणून डावा भाग ठेवला, उजवा चिकटवलाच नाही. पंखही नाहीत. हे अर्धं विमान आता लातूरला आबांच्या टीव्हीशेजारी आहे. शेजारचे काका म्हणाले, "मोडलं काय हो?" आबा म्हणाले, "मोडलं न्हाई. आत बघा."