पेन्सिलची नोंद

शुक्रवारी दुपारी साताऱ्याला कोयना एक्स्प्रेस पकडायची आणि संध्याकाळी सांगलीला उतरून अण्णांच्या हातचा चहा प्यायचा, हा माझा गेल्या तीन वर्षांचा शिरस्ता. बायकोची नोकरी साताऱ्यात, माझी कंपनी पुण्यात, आई-अण्णा सांगलीत. त्यामुळे माझं बरंचसं प्रोग्रामिंग कोयनेच्या खिडकीत होतं. हा लेख ज्या उद्योगाबद्दल आहे तोही तिथलाच.

ज्यांनी ऑफिसात ट्रॅकर वापरलाय त्यांना तिकीट म्हणजे काय ते सांगायला नको. ज्यांनी नाही वापरला, ते सुखी आहेत. प्रत्येक कामाचं एक तिकीट: कोणी सांगितलं, कोण करतंय, कुठवर आलंय. आमच्याकडे जिरा आहे, २००२ पासून बाजारात असलेला. (नावाचा जिऱ्याशी संबंध नाही. गॉडझिलाला जपानीत गोजिरा म्हणतात, त्याचं हे शेपूट. त्याआधीच्या प्रसिद्ध ट्रॅकरचं नाव बगझिला होतं, त्याला हे उत्तर!) काम सगळेच करतात, पण तिकीट अपडेट करायचं म्हटलं की सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. मग शुक्रवारी चार वाजता मॅनेजरचा मेसेज येतो आणि आम्ही आठवेल तसं भरतो.

तर मला वाटलं, हे काम एआयला का देऊ नये? त्याला कोड दिसतो, कमिट दिसतात, मग तिकिटं त्यानेच भरावीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, जाहीर केला तेव्हापासून हे सोपं झालंय. आधी प्रत्येक असिस्टंटची प्रत्येक सिस्टिमशी वेगळी वायर जोडावी लागायची. आता एक ठरलेला सॉकेट आहे. आपण एक छोटा सर्व्हर लिहायचा आणि सांगायचं, "मला एवढी कामं येतात: तिकीट शोधणं, वाचणं, कॉमेंट टाकणं, स्टेटस बदलणं." कधी कुठलं वापरायचं ते असिस्टंट ठरवतो. अ‍ॅटलासियनने मे २०२५ मध्ये स्वतःचा असा सर्व्हर बीटात आणला, पण तो त्यांच्या क्लाउडसाठी. आमचा जिरा कंपनीच्या सर्व्हरवर. म्हणून मीच लिहायला बसलो.

दोन वीकेंडांत झाला. अडचणी आल्या त्या मजेशीर होत्या. जिरात स्टेटस थेट बदलता येत नाही. या तिकिटाला आत्ता इथून कुठे कुठे जाता येईल ते आधी विचारायचं, मग त्यातल्या एका वाटेचा नंबर द्यायचा. असिस्टंट बिचारा 'झालं' असं थेट लिहायचा आणि एरर खायचा. दुसरी गंमत ताकारीच्या आसपास. रेंज गेली, उत्तर आलं नाही, त्याने पुन्हा पाठवलं. एकाच कामाची तीन तिकिटं तयार! प्रत्येक विनंतीला खुणेचा नंबर देऊन ते मिटवलं.

टीम खूश. मॅनेजर तर फारच खूश.

मग तो शुक्रवार आला. संध्याकाळी रिलीज होती. गाडी कराड सोडत होती आणि मी असिस्टंटला सांगितलं, "आजच्या बिल्डमधली तिकिटं अपडेट कर." स्टेटस बदलण्याआधी प्रत्येक वेळी तो 'परवानगी देऊ का?' विचारायचा. चौथ्यांदा विचारल्यावर मी कंटाळून 'नेहमी परवानगी द्या' दाबलं आणि शेंगा खायला घेतल्या.

त्यातल्या एका तिकिटावर क्लायंटची जुनी कॉमेंट होती: बिल्ड गेली की याच्याशी संबंधित सगळी तिकिटं बंद करा. ती भलत्याच बिल्डबद्दल होती. माणसाने तारीख पाहून सोडून दिली असती. पण असिस्टंटसाठी माझी सूचना आणि तिकिटात लिहिलेला मजकूर, दोन्ही शब्दच. त्याने ती आज्ञा समजून अकरा तिकिटं बंद केली. सगळी माझ्या नावावर, कारण टोकन माझं.

त्या अकरांत आमच्या टेस्टरचं एक तिकीट होतं. मुलगी मूळची तासगावची, कामाला पक्की. अर्धा माल परत आला की जीएसटीच्या राऊंडिंगमध्ये बिलात रुपयाचा फरक पडतो, हे तिने तीन रात्री जागून पकडलं होतं. तिकीट बंद, म्हणून रिलीजची यादी हिरवी. बिल्ड गेली. शनिवारी सकाळी क्लायंटचे हिशेब जुळेनात आणि पहिला फोन तिला गेला: टेस्टिंग केलं होतं की नाही?

दहा वाजता तिचा मला फोन. आवाज शांत होता, त्याचंच जास्त वाटलं. "दादा, तिकिटावर तुमचं नाव आहे. 'तपासले, समस्या नाही' असं लिहिलंय. तुम्ही तपासलं होतं का?"

मी पटकन म्हणालो, "अगं, ते एआयने केलं."

"पण नाव तुमचं आहे ना," ती म्हणाली.

अण्णा पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. आमचे अण्णा तलाठी होते, मिरज आणि तासगाव तालुक्यांतल्या गावांत मिळून तीस वर्षं. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण घरात ते तलाठीच.) त्यांना सगळं सांगितलं. एमसीपी सोडून बाकी सगळं त्यांना कळलं.

"म्हणजे लिहिणारा तोच आणि मंजूर करणारा पण तोच?"

"मंजूर मी करायचं असतं. पण मी आधीच कायमची परवानगी देऊन ठेवली होती."

"कोऱ्या कागदावर सही केलीस म्हण की," अण्णा म्हणाले. मग त्यांनी मला फेरफार शिकवला. सातबारा मी हजारदा पाहिलाय, पण तो बदलतो कसा ते ठाऊक नव्हतं. जमीन विकली, वारस लागले, तरी तलाठी थेट सातबारा बदलत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद करायची. चावडीवर ती लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला पंधरा दिवस थांबायचं. हरकत आली तर तिची वही वेगळी. आणि मंजुरी तलाठ्याची नाहीच, ती सर्कलची. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १५० मध्येच हे आहे.

"आणि तोवर सातबाऱ्यावर काय?"

"पेन्सिल. फेरफाराचा नंबर पेन्सिलने लिहायचा. मंजूर झाला की शाई. जुनं नाव खोडायचं नाही, कंस करायचा. कोणाचं होतं ते दिसलं पाहिजे."

आता हे ऑनलाइन झालंय, पण लिहिणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा, हे तसंच आहे. एमसीपीच्या नियमांतही लिहिलंय की टूल चालण्याआधी माणसाला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. मला म्हणता येत होतंच की! मीच ते बटण कायमचं दाबून टाकलं होतं.

त्या दुपारी मी सगळ्यांना मेल लिहिला, क्लायंटलाही. 'टूलमधील त्रुटीमुळे' असं पहिलं वाक्य टाईप केलं आणि पुसलं. लिहिलं: ते तिकीट मी न वाचता बंद केलं, टेस्टिंगमध्ये ही चूक आधीच सापडली होती, कोणी आणि कधी ते सोबत जोडलंय. पाठवताना पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू. सोमवारी मॅनेजरकडून ऐकून घेतलं. टेस्टरला क्लायंटने सॉरी म्हटलं, ते मात्र बरं वाटलं.

रविवारी सर्व्हर पुन्हा लिहिला. आता असिस्टंटला स्टेटस बदलताच येत नाही, फक्त नोंद सुचवता येते: आधी काय होतं, आता काय, कशाच्या आधारे. त्याचं खातं वेगळं, माझं नाव तो वापरत नाही. ज्याने तिकीट काढलं त्याला नोटीस जाते, हरकतीला एक दिवस. मंजुरीचं बटण माणसाकडे, आणि 'सगळं मंजूर' असं बटण मी मुद्दाम केलेलं नाही. तिकिटातला मजकूर आज्ञा नाही असंही त्याला बजावलंय, पण नुसत्या बजावण्यावर माझा भरवसा नाही, म्हणून कुलूप सर्व्हरमध्ये. टूलचं नाव पेन्सिल.

मॅनेजरला आता ते हळू वाटतं. खरंच आहे, हळू आहे. पूर्वी दोन मिनिटांत व्हायचं त्याला वीस लागतात. पण त्या वीस मिनिटांत मला कळतं की टीममध्ये कोण काय करतंय, आणि तेवढं कळावं म्हणून तर ट्रॅकर होता ना?

परवा अण्णांना पेन्सिल दाखवली. चष्मा लावून यादी वाचली आणि विचारलं, "यातली नामंजूर किती केलीस?"

"चाळीसातल्या सहा."

"मग वाचतोयस," म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.