स्प्रॉकेटमागचं सील

परवा सकाळी अकलोलीच्या आमच्या घरासमोर, मोटारसायकलखालच्या फरशीवर, रुपयाएवढा काळा डाग पडलेला दिसला. बाबा असते तर उकिडवे बसून डागाला बोट लावलं असतं, वास घेतला असता. भिवंडीत लूमची देखभाल-दुरुस्ती बघणारा जॉबर म्हणून त्यांचा जन्म गेला. कापडावर ऑइल उडालं की माल सेकंडमध्ये जायचा, पैसे कापले जायचे. थेंब कुठून आला हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

गाडीही त्यांचीच, सीडी हंड्रेड. हे मॉडेल 1985 साली आलं. आमच्याकडे बरंच नंतर, सेकंडहँड. डावीकडचं कव्हर खोललं, तर पुढच्या स्प्रॉकेटभोवती ऑइल आणि धुळीचा चिखल. चेन फिरवणारा शाफ्ट इंजिनातून जिथे बाहेर येतो, तिथलं सील गेलं होतं. शहरातल्या एका शोरूममध्ये सल्ला मिळाला, ‘काढून टाका आता.’ या वाक्याची मला चीड आहे. अहो, इंजिन उघडावंही लागत नाही. दहा नंबरचे दोन बोल्ट काढून लॉक प्लेट फिरवली की स्प्रॉकेट हातात येतं. सील तेवढं बेतानं उचकटायचं. शाफ्टवर ओरखडा उठला तर नवंही गळणार.

जुनं सील नखानं दाबून पाहिलं. शाफ्टला टेकणारी त्याची रबरी कड, म्हणजे लिप, कडक, तकतकीत झालेली. लिपला शाफ्टवर आवळून धरणारी बारीक गोल स्प्रिंग अजून शाबूत होती. पण रबरच वाकेना, तर ती काय करणार!

पूर्वी ही सीलं कातड्याची असत. जर्मनीत वाइनहाइमला फ्रॉयडेनबर्ग नावाचा कातडी कमावण्याचा कारखाना होता. 1929 नंतरच्या मंदीत कातड्याला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा त्यांनी त्याचीच सीलं करायला घेतली. रबर पुढे आलं. त्या रबराला चिवटपणा येतो गंधकानं, आणि गंधक तर आमच्या हवेतच आहे. तानसा नदीकाठच्या गंधकाच्या गरम कुंडात बाबा सुट्टीच्या दिवशी गुडघे बुडवून बसायचे. बारा-बारा तासांच्या पाळ्यांनी आखडलेले गुडघे. तिथेही शेजारच्या कुणाच्या गाडीखाली थेंब दिसला, की उठून बोट लावून यायचे.

जुन्या लिपनं शाफ्टवर बारीक चर पाडला होता. म्हणून नव्या सीलच्या लिपला ऑइल लावून, पान्याची मापाची गोटी (सॉकेट) वर धरून ठोकताना ते किंचित बाहेर ठेवलं. लिप कोऱ्या जागी टेकावी एवढंच.

बाबांचे लूम मात्र, कारखाना बंद झाला तेव्हा, किलोच्या भावानं भंगारात गेले. दुरुस्त होतील का, हे त्यांना कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, त्यांना एकेका लूमचा आवाज ओळखू यायचा. भंगारवाल्याला लोखंड हवं होतं. लाकडी धोटे आणि धोट्याला फटका देणारे कातड्याचे पिकर त्यानं बाजूला टाकले, ते बाबांनी पिशवीत भरून घरी आणले. पिकर तेलात मुरवावे लागतात. कारखाना बंद झाल्यावरही ते त्यांनी डब्यात तेल घालून मुरवत ठेवले होते. भिवंडीत साधे लूम चालवणारा एक कारखाना अजून सुरू आहे. त्यांना धोटे-पिकर लागतात. गाडी आता गळत नाही. येत्या रविवारी ते तिच्यावरूनच नेऊन देणार आहे.