मी गेले की मी गेलो?

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज आपण सगळेच पाठवतो. पण स्वतःचा मेसेज परत लावून कोण ऐकतंय? मी तर कधीच नाही. त्याला कारणही होतं.

अकरावीत असताना एका वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक म्हणाले होते, "मुद्दे छान आहेत, पण तो बेळगावी हेल तेवढा सोडा." सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर मात्र माईकसमोर उभी राहिले नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीनं ‘कॉमन व्हॉइस’ची लिंक पाठवली. मोझिला या संस्थेनं २०१७ साली सुरू केलेला हा उपक्रम. लोक आपापल्या भाषेतली वाक्यं वाचून आवाज दान करतात आणि बोललेलं ओळखणारी यंत्रं बनवायला तो साठा कुणालाही फुकट वापरता येतो. मला हे पटलं. ‘चहा’तला च वेगळा आणि ‘चमचा’तला वेगळा, हे नुसती अक्षरं बघून यंत्राला कसं कळणार? ते ऐकूनच शिकायला हवं.

एका वेळी पाच वाक्यं. दार लावलं, पंखा बंद केला, मोबाईल उशीवर ठेवला. पहिलं वाक्य निम्म्यावर आलं आणि कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्यांदा वाचायला लागले तर बाहेरून आज्जी, "कुणासंगं बोलायलीस गं?"

तिसऱ्यांदा जमलं. ऐकायचं बटण दाबलं आणि वाटलं, ही कोण? इतका पातळ आवाज! नंतर वाचलं, की बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला उरतो. म्हणजे लोक मला इतकी वर्षं असंच ऐकत होते!

पुढच्या वाक्यात खरी गंमत झाली. स्क्रीनवर होतं, "मी काल बाजारात गेले होते." मी वाचलं आणि ऐकून बघितलं, तर मी म्हणाले होते, "गेलो होतो." बेळगाव-कोल्हापूरकडच्या आम्ही पोरी घरात ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतो. डोळ्यांनी एक वाचलं, तोंडानं आपलंच म्हटलं.

नियम बघितले. उच्चार, हेल कसाही असला तरी चालतो, पण शब्द बदलला तर चालत नाही. दुसरे लोक ती क्लिप ऐकतात आणि वाक्याशी जुळते का ते सांगतात. जो हेल सोडायला सांगितला होता, तो इथं चालत होता. पण माझा ‘गेलो’ चालत नव्हता, कारण तो त्या वाक्यात कुणी लिहिलाच नव्हता. मी निमूटपणे ‘गेले होते’ म्हटलं. पाचही वाक्यं पाठवली.

रात्री आज्जीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मशीनला मराठी शिकवायलीस व्हय? कुठली, पुण्याची का आपली?"

मी काहीच बोलले नाही. खरं तर हा लेखसुद्धा मी ‘हसले’, ‘म्हणाले’ करतच लिहिलाय. लिहायला बसलं की हात आपोआप तिकडे वळतो. शाळेनं तशीच सवय लावली आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण मग आपली बोली यंत्राच्या कानावर जाणार कधी?

त्याच ठिकाणी नवी वाक्यंही सुचवता येतात. दुसऱ्या कुणी ती तपासली, की वाचणाऱ्यांसमोर येतात. दुसऱ्या दिवशी आज्जीजवळ बसून मी दहा वाक्यं लिहिली. काही तिची, काही माझी. त्यातलं पहिलं असं: "आई, मी दळण घेऊन आलो, दार उघड की."

ते पाठवलंय. आता कुणीतरी वाचायचं बाकी आहे. तुमच्यापैकी कुणाच्या स्क्रीनवर आलं, तर ‘आले’ म्हणू नका हं!