कडा मोकळ्या आहेत

दादाच्या गालाच्या ऑपरेशनचा रिपोर्ट मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला. म्हणजे, त्यातली एकच ओळ दाखवली: कापलेल्या भागाच्या कडा मोकळ्या आहेत, तिथे कॅन्सर नाही. वहिनी लगेच देवापुढे दिवा लावायला उठली. मी कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला.

पुढे डॉक्टर म्हणाले, लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यावी लागेल, तेव्हा मीच आडवा आलो. सगळं काढलं म्हणता, मग आता भाजायचं कशाला? माझ्या डोळ्यांपुढे आमचे मावसकाका होते. त्यांनी कोबाल्ट मशीनच्या काळात लाईट घेतली, नंतर कधीतरी गावातच दाढ काढली, ती जखम भरलीच नाही. जबड्याचं हाड कुजत गेलं. शिवाय हा दवाखान्याचा धंदा आहे, असंही मी पारावर बोलून बसलो. उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत होते, हे माहीत असून बोललो.

दादाला तेव्हा नीट बोलता येत नव्हतं. गाल काढून तिथे छातीचं मांस बसवलेलं. पाटीवर लिहायचा. एकदा त्याने लिहिलं, ‘लाईट घेऊ का?’ मी म्हटलं, ‘जखम तर भरू दे.’ आणि त्याच्या हातातली पाटी घेऊन पुसली.

सहाव्या आठवड्यात पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तेही ‘नको’ ऐकायला मिळेल या आशेने. मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि मी सोडून दिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. मानेतल्या दोन गाठींत कॅन्सर होता आणि त्यातल्या एकीचं आवरण फोडून तो बाहेर आला होता. कडा मोकळ्या असल्या तरी अशा वेळी नुसतं ऑपरेशन पुरत नाही. लाईटसोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषधही द्यावं लागतं. 2004 साली युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांनंतर ही पद्धत पक्की झाली. मावसकाकांचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘म्हणूनच खराब दाढा आधी काढायच्या. नंतर आम्हाला विचारल्याशिवाय दाताला हात लावू द्यायचा नाही.’

परतताना गाडीत दादाने पाटी मागितली. ‘हरळी वरून कापून जाते का? काशा वेचाव्या लागतात.’ तीस वर्षं शेती केलेला माणूस. त्याला हे आधीच कळलं होतं, विचारलं मात्र कुणी नव्हतं.

तीन दाढा काढल्या, हिरड्या भरायची वाट पाहिली. तोंडाच्या मापाचा जाळीदार मुखवटा बनवला. तो घालून मान टेबलाला जखडायची, की दहा-पंधरा मिनिटांत काम संपतं. 33 वेळा, एकूण मात्रा 66 ग्रे, शनिवार-रविवार सुट्टी. पहिले दोन आठवडे मला वाटलं, यात काय एवढं! तिसऱ्यात तोंड आतून सोलून निघालं. चहा मातीसारखा लागायचा. मान काळी पडली, नाकातून नळी घालावी लागली. एका रात्री तो खुणेने ‘बास’ म्हणाला. मधे खंड पडला तर कॅन्सरला सवड मिळते, हे मला तोवर पाठ झालं होतं. लाईट नको म्हणणारा मी, पहाटे त्याला उठवून एसटीत बसवत होतो.

आता दोन वर्षं झाली. तपासण्या आजवर चांगल्या आल्या आहेत. लाळ मात्र पूर्वीसारखी परतली नाही. भाकरी आमटीत कुस्करावी लागते, पाण्याची बाटली कायम सोबत असते आणि आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून तोंड उघडायचा व्यायाम रोज चालतो. पाटी पुसल्याबद्दल तो मला कधी एक शब्द बोलला नाही.

तुमच्या घरात असा रिपोर्ट आला असेल तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि ज्याचा आहे त्यालाही वाचू द्या. ही लाईट ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी असते. दादाची नवव्या आठवड्यात सुरू झाली.